खाण तशी माती? परकं झाड लावण्याआधी करायची चौकशी

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपांचा टेम्पो दारात उभा राहतो आणि त्यात काय आलंय हे ताडपत्री उघडल्यावर कळतं. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, शिवाय ‘पटकन वाढतं’ म्हणून कोणी तरी सुचवलेलं एखादं नवंच नाव. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, त्यामुळे नको म्हणायला कोणी धजत नाही. म्हणून हे परकं झाड इथे बेसुमार पसरेल का, ही चौकशी आधीच्या वर्षीच सुरू करावी, निदान मागणी नोंदवण्याआधी तरी. कागदावरचं काम एका दुपारचं आहे. झाडाजवळ उभं राहून करायच्या तपासण्यांना एक हंगाम लागतो. साहित्य म्हणाल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा, मलमलच्या १० पिशव्या, सुतळी आणि वही.

कूळ पाहून संशय कुठे घ्यायचा ते कळतं. निकाल मात्र त्या एका जातीची चाल पाहूनच द्यावा लागतो.

कूळ काय सांगतं

२०१५ साली जगभरच्या याद्या एकत्र करून मोजदाद झाली. आपला मुलूख सोडून दुसरीकडे गेलेल्या आणि तिथे माणसाच्या मदतीशिवाय पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या १३,१६८ जाती त्यात निघाल्या. हे प्रमाण जगातल्या संवहनी, म्हणजे अंगात पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या असलेल्या वनस्पतींच्या जेमतेम ४ टक्के. संख्येने सर्वांत पुढे तीन कुळं: सूर्यफुलाचं, गवताचं आणि शेंगवर्गीयांचं. ही तिन्ही कुळं मुळातच प्रचंड आहेत, तेव्हा नुसत्या संख्येवरून त्यांना दोष देता येणार नाही. पण ऑर्किडचं कूळही तितकंच मोठं, २५ हजारांहून अधिक जातींचं, आणि परमुलखात स्थिरावलेली ऑर्किडं मात्र त्या मानाने अगदीच थोडी. म्हणजे आकाराखेरीज आणखी काही तरी आहे.

ते काय, हे पाहायला सूर्यफुलाच्या कुळातल्या गाजरगवताचं एक फूल तळहातावर घ्या. जेमतेम ४ मिलिमीटरचा पांढरा ठिपका. ते एक फूल नसून फुलांचा गुच्छ आहे. कडेला पाच बारीक किरणपुष्पकं, म्हणजे पाकळीसारखी दिसणारी इवली फुलं असतात आणि बी फक्त त्यांनाच धरतं, म्हणजे एका ठिपक्यात पाच बिया. पक्व बी सुईच्या टोकाने सुटं केलं तर त्याला दोन्ही अंगांना वाळलेल्या पुष्पकांचे पातळ पंखे चिकटलेले दिसतील. पाण्यावर बी त्यांच्याच आधाराने तरंगतं. आता झाडावरचे ठिपके मोजून पाचाने गुणा. चांगलं पोसलेलं झाड १५,००० ते २५,००० बिया देतं आणि उगवल्यापासून महिन्याभरात फुलावर येतं. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली. पुढचं सांगायला नको.

सूर्यफुलाच्या कुळात हा हिशोब घराणेशाहीसारखा चालतो. फुलं लहान, बिया असंख्य, वाऱ्यावर किंवा कपड्यांना चिकटून प्रवास, आणि परागीभवनासाठी ठरावीक कीटकाची गरज क्वचितच. कोकणातल्या रानमोडीला तर परागीभवनाशिवायही बी धरतं. जखमेवर चुरडून लावायचा दगडीपालाही याच कुळातला आणि मूळचा अमेरिकेचाच, पण त्याला परका म्हणायची आता कोणाची छाती नाही.

गवतांचं बळ वेगळं आहे. त्यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून चरलं, कापलं, जाळलं तरी ती पुन्हा फुटतात. शिवाय चारा म्हणून माणसाने ती हौसेने देशोदेशी नेली. शेंगवर्गीयांचं बी टणक कवचाचं असतं. जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतं. ‘नत्र स्थिर करतं, पडीक जमिनीवर वाढतं’ ही त्यांची शिफारसही माणसानेच केली. कुळांच्या यशात आपला हात किती, हे यादी वाचताना विसरू नये. जे आपण टेम्पो भरभरून लावलं, ते स्थिरावण्याची संधी जास्त.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरीच नसते. योग्य बुरशीची गाठ पडली तरच ते रुजतं. परमुलखात ती बुरशी भेटेलच असं नाही.

पहिलं काम: खरं नाव काढा

रोपवाटिकेतलं नाव चालणार नाही. ‘उंदीरमारी’, ‘चायनीज’, ‘जंगली बदाम’ यांतून काहीच कळत नाही. शास्त्रीय नाव मागा. नाही मिळालं तर पान, फूल आणि फळ यांचे स्वच्छ फोटो जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. नाव मिळालं की ते लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या मोफत संकेतस्थळावर टाका. तिथे तीन गोष्टी उतरवून घ्यायच्या: कूळ, मूळ प्रदेश आणि जुनी नावं.

जुनी नावं सोडून दिली की हमखास फसगत होते. रानमोडीची जुनी माहिती युपॅटोरियम ओडोराटम या नावाखाली आहे, नवी क्रोमोलेना ओडोराटा या नावाखाली. वेड्या बाभळीचं प्रोसोपिस आता नेल्टुमा झालंय, जलपर्णीचं आयकॉर्निया हे पाँटेडेरिया. एकाच नावाने शोधलंत तर निम्मी तक्रारवही तुम्हाला दिसणारच नाही.

दुसरं काम: मूळ गाव आणि मागची नोंद

पुणे १८.५ उत्तर अक्षांशावर आहे, मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ १९.२ वर. दोन्हीकडे पाऊस जून ते सप्टेंबरच्या सुमारास पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. गाजरगवत, घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, गिरिपुष्प, केशरी कॉसमॉस ही सगळी मंडळी उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली आहेत, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. त्यांना आपल्याकडे आल्यावर नवं ऋतुचक्र शिकावं लागलं नाही. तेव्हा मूळ प्रदेशातल्या दोन-तीन ठिकाणांचा महिनावार पाऊस आणि किमान तापमान काढून आपल्या तालुक्याच्या आकड्यांशेजारी मांडा. वर्षाचा एकूण पाऊस जुळणं पुरेसं नाही. कोरडे महिने किती आणि केव्हा, ते जुळतंय का पाहा.

मग जीबीआयएफ या खुल्या नोंदसाठ्यात त्या जातीचा नकाशा उघडा. मूळ प्रदेशाबाहेर किती देशांत ठिपके आहेत? त्यातली लागवडीतली उदाहरणं किती आणि आपोआप उगवलेली किती? दुसरीकडे उपद्रवी ठरलेली जात आपल्याकडेही उपद्रवी ठरते, हा सर्वांत भरवशाचा संकेत. ऑस्ट्रेलियात परक्या वनस्पतीला प्रवेश देण्याआधी ४९ प्रश्नांचा तक्ता भरतात. गुण १ पेक्षा कमी आले तर प्रवेश, १ ते ६ मध्ये आले तर आणखी तपास, ६ च्या वर गेले की नकार. या तक्त्यातही दुसरीकडच्या वर्तनाला मोठं वजन आहे.

त्यांना अनुभव आहेच, आणि तो आपल्याच झाडाचा. भारतीय उपखंडातली बाभूळ १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात सावलीसाठी नेली. मेंढ्यांच्या कुरणांत ती फारशी बोलली नाही, कारण मेंढीच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं ते थोडंच. पुढे लोकरीचा धंदा बसला, मेंढपाळ गुरांकडे वळले, आणि शेंगा खाल्लेल्या गुरांच्या शेणातून ती पसरत गेली. आज ती तिथे ६० लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर आहे. झाड तेच, बी नेणारं जनावर बदललं. म्हणून वहीत एक ओळ हवीच: याचं फळ इथे कोण खाईल?

डार्विनने १८५९ मध्येच एक गोष्ट दाखवली होती. अमेरिकेच्या उत्तर भागात स्थिरावलेल्या २६० परक्या वनस्पती १६२ प्रजातिगटांतल्या, म्हणजे भाऊबंद जातींच्या गटांतल्या होत्या आणि त्यातले १०० गट तिथे मुळात नव्हतेच. म्हणजे जिथे भाऊबंद नाहीत, तिथे भाऊबंदांवरच्या किडी-रोगही नाहीत, नवख्याला मोकळं रान. पण उलटही घडतं: ज्याचे भाऊबंद इथे सुखाने नांदतात, त्यालाही हवा मानवतेच. हा निकष दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणून निर्णयात त्याला गुण देऊ नयेत.

झाडाजवळ करायच्या तपासण्या

त्या जातीचं फुलाफळावर आलेलं झाड आसपास असेल तरच हे जमेल. नसेल तर कागदावरच्या उत्तरांवर थांबा आणि संशयाचा फायदा रोपाला देऊ नका.

एकटं झाड बी धरतं का? परमुलखात पहिल्यांदा पोचणारं रोप बहुधा एकटंच असतं. जोडीदार नसताना ज्याला बी धरतं, त्याचं बस्तान बसतं. वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बेकर यांनी १९५५ मध्ये मांडलेला हा मुद्दा घरच्या घरी तपासता येतो. कळ्या फुगलेल्या पण न उघडलेल्या असे १० गुच्छ निवडा. त्यांवर १५ बाय २० सेंटिमीटरच्या मलमलच्या पिशव्या चढवून देठाशी कापूस गुंडाळून बांधा, म्हणजे मुंग्या शिरणार नाहीत. त्याच फांद्यांवरचे १० गुच्छ उघडेच ठेवून रंगीत दोरा बांधा. फळं धरली की दोन्हीकडच्या बिया मोजा. पिशवीतल्या गुच्छांत उघड्यांच्या निम्म्याने किंवा जास्त बी धरलं असेल, तर एक झाडही पुरेसं आहे असं समजा. सुबाभूळ या परीक्षेत सहज पास होते.

इथे तीन चुका वारंवार होतात. प्लॅस्टिकची पिशवी लावली तर आत वाफ धरून कळ्या कुजतात. एखादं फूल आधीच उमललेलं असेल तर निकाल फुकट. आणि गवतांना मलमल चालत नाही, कारण वाऱ्यावरचे परागकण त्यातून आरपार जातात; ज्वारीच्या पैदाशीत वापरतात तसल्या बटरपेपरच्या पिशव्या घ्या.

बी हलकं की जड? १०० पक्व बिया मोजून काट्यावर ठेवा. पाइन वृक्षांवरच्या १९९६ च्या अभ्यासात तीन गुण एकत्र आले की जात पसरते असं दिसलं: बी ५० मिलिग्रॅमपेक्षा हलकं, पहिलं बी १० वर्षांच्या आत आणि भरघोस बीजाची वर्षं जवळजवळ. तो आकडा पाइनचा आहे, आंब्या-जांभळाला लावू नका. फळ पक्षी किंवा जनावरं खात असतील तर बियांच्या वजनाला फारसा अर्थ उरत नाही. पहिलं फूल किती वर्षांनी येतं, हे मात्र कोणत्याही झाडाबद्दल विचारावं.

जमिनीत किती काळ निजतं? दुसऱ्या १०० बिया रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या वेगळ्या काढा. न फुगलेल्या बियांवर एका बाजूने पॉलिशपेपर घासून पुन्हा भिजवा. आता फुगल्या, तर अडथळा कवचाचा होता. असं बी एकाच पावसाळ्यात संपत नाही. आई-झाड तोडल्यावरही कित्येक वर्षं रोपं येत राहतात. ज्या जातीच्या निम्म्याहून अधिक बिया पहिल्या रात्री न फुगता तशाच राहतात, ती लावताना दहा वर्षांचा विचार करा.

पोरं कुठवर गेली? ही सगळ्यांत बोलकी तपासणी. चार काठ्या आणि सुतळीचा एक मीटर चौरस करा. आई-झाडापासून चारही दिशांना ५, १०, २० आणि ४० मीटरवर तो मांडून रोपं मोजा: एकूण १६ चौरस. पहिली मोजणी सप्टेंबरच्या शेवटी, दुसरी मे महिन्यात त्याच जागांवर. खुणेला लोखंडी खिळे ठोकून ठेवा, नाही तर मे महिन्यात जागा सापडत नाही. पावसाळ्यात हिरवं काहीही उगवतं. आपल्याकडचा खरा परीक्षक मे महिना. सप्टेंबरची रोपं मे महिन्यात उरली नाहीत तर काळजी कमी. २० मीटरच्या पलीकडची दोन-चार जरी मे काढून उभी दिसली, तर त्या झाडाला आता तुमची गरज राहिलेली नाही. विजेच्या तारांखाली, ओढ्याच्या काठाने आणि शेणावर वेगळं पाहा, कारण पक्षी, पाणी आणि गुरं चौरस आखून बी टाकत नाहीत.

तोडल्यावर फुटतं का? मनगटाएवढी जाड एक फांदी नव्हे, तर शक्य असल्यास एक छोटं झाड बुंध्यापासून छाटून तीन महिने पाहा. चार-पाच धुमारे जोमाने आले, तर चूक दुरुस्त करणं महाग पडेल.

जोडीदार भेटला की चित्र पालटतं

पाइनची रोपं दक्षिण गोलार्धात सुरुवातीला खुरटत होती. त्यांच्या मुळांशी राहणारी बुरशी तिथे नव्हती. रोपवाटिकांत ती बुरशी असलेली माती पोचली, आणि पुढे पाइन कुंपणं ओलांडून डोंगरांवर चढले. आपल्या नांदरूखाचं फ्लोरिडात तसंच झालं. प्रत्येक वड-पिंपळाची ठरलेली गांधीलमाशी असते, तिच्याविना बी नाही. नांदरूख तिथे अनेक वर्षं शोभेचं वांझ झाड होता. त्याची माशी पोचली आणि इमारतींच्या भेगांतून रोपं डोकावू लागली.

शेंगवर्गीयांत याच मुद्द्याने एक समज उलटा पाडला. मुळांवरच्या गाठींमुळेच ही मंडळी कुठेही जगतात, असं आपण धरून चालतो. पण २०१७ मध्ये जगभरच्या हजारो जाती तपासल्या तेव्हा ज्या जाती गाठींच्या जिवाणूंवर अवलंबून असतात, त्या न अवलंबणाऱ्यांपेक्षा कमी प्रदेशांत स्थिरावलेल्या दिसल्या. योग्य जिवाणू परमुलखात मिळणं ही अडचण असते. पण रोपाबरोबर पिशवीतली मातीही आली, किंवा बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळलं, की ती अडचण आपणच दूर करून देतो.

त्यामुळे एका कुळाला सरसकट काळ्या यादीत टाकणं चूक. गुलमोहर शेंगवर्गीयच, मादागास्करचा. रस्तोरस्ती लावला, पण त्याच्या जड शेंगा बुंध्याखालीच पडतात आणि तो टेकड्या गिळताना दिसत नाही. निलगिरीची लागवड तर अफाट झाली. तिचं बी इतकं बारीक की कोवळं रोप गवताच्या दाटीत आणि कोरड्या मातीत तग धरत नाही. म्हणून ती लावली तिथेच रांगेत उभी असते. पाण्याबद्दलची तक्रार वेगळी, पसरण्याची नाही.

निर्णय

दुसरीकडे उपद्रवाची नोंद, कोरडे महिने जुळणं आणि मे काढलेली दूरची रोपं या तिन्हींपैकी दोन जरी आढळली तरी लावू नका. एकच आढळलं तर बंद आवारात, ओढ्यापासून दूर, आणि शेंगा पिकण्याआधी छाटायला माणूस नेमून. एकही नाही, तरी वर्षातून एकदा मे महिन्याची फेरी ठेवा, कारण बऱ्याच झाडांना पाय पसरायला वेळ लागतो. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागात परक्या वृक्षांचा पहिल्या लागवडीपासून प्रसार सुरू होईपर्यंतचा काळ सरासरी १७० वर्षांचा निघाला. ‘आजोबांनी लावलंय, काही झालं नाही’ हा पुरावा ठरत नाही.

बीजगोळे टाकणाऱ्यांना एक विनंती: फुलांच्या ‘मिश्र’ पुड्यांत केशरी कॉसमॉस हमखास असतो. तोही सूर्यफुलाच्याच कुळातला, आणि टेकडीवर एकदा गेला की परत येत नाही.

जे आधीच घुसलंय त्याचं

गाजरगवत फुलायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर कापड हवंच. त्वचेची ॲलर्जी एकदा जडली की पिच्छा सोडत नाही. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी फेरी मारा, कारण एका उपटणीने काम होत नाही आणि पुरलेलं बी पाच-सहा वर्षंही जिवंत राहतं. फुलण्याआधीचा पाला खतात चालतो, फुलावर आलेला नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकळ्याचं बी गोळा करून एप्रिल-मेमध्ये त्या जागेवर फेकलं, तर पहिल्या पावसात टाकळा दाट उगवून गाजरगवताला दाबतो. टाकळ्यासारखाच दिसणारा एक अमेरिकी भाऊबंद आहे, सेन्ना युनिफ्लोरा. बी गोळा करताना तो मिसळू देऊ नका, नाही तर एकाला काढून दुसऱ्याला बोलावल्यासारखं होईल. पानांवर पिवळट अंगावर गडद रेघांचे भुंगेरे दिसले तर फवारणी थांबवा. ते मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडलेले आहेत आणि गाजरगवतच खातात.

घाणेरी गुडघ्यापासून छाटणं म्हणजे तिची मशागत. एकाचे दहा धुमारे येतात. पहिल्या पावसाने माती नरम झाली की बुंध्याभोवती कुदळीने उकरा, मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप उचलून तिथेच उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे. मुळं मातीला टेकली तर पुन्हा धरतात. मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. मारवेल आणि शेडा या गवतांचं बी त्याच आठवड्यात टाका, कडेने करवंद, धायटी, निर्गुडी लावा. पुढच्या दोन पावसाळ्यांत बुलबुल बसतात त्या झाडांखाली आधी पाहा. घाणेरीची नवी रोपं तिथेच येतात, आणि वीतभर उंचीची असताना दोन बोटांनी उपटतात.